विशेष गरजा असणाऱ्या मुलांचा शैक्षणिक आराखडा : पालकांनी काय जाणून घ्यावे?

आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत दरवर्षी जून महिन्यात पालकांची सभा भरते. सभेत प्रश्न पुष्कळ विचारले जातात. जातीचा दाखला कसा काढावा, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा भरावा, दहावीनंतर सायन्स घ्यावे की आय.टी.आय.ला जावे, वसतिगृहात जागा मिळेल काय, इत्यादी. हे प्रश्न सर्वांसमोर आणि मोठ्या आवाजात विचारले जातात. परंतु सभा आटोपून सतरंज्या गुंडाळल्या जात असताना एखादी आई दारापाशी घुटमळत राहते आणि सगळे गेले असे पाहून हळूच म्हणते, "सर, आमचा धाकटा चौथीत गेला, पण त्याला अजून नीट वाचता येत नाही. बाई म्हणतात, याला दुसऱ्या शाळेत घाला. काय करू?" प्रस्तुत लेख दारापाशी थांबणाऱ्या अशा पालकांसाठी आहे. इतरांनीही वाचावा, कारण शेजारच्या घरात असे मूल असतेच.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी पाचवीतला एक मुलगा अभ्यासिकेत येऊ लागला. बोलायला चुणचुणीत. क्रिकेटच्या सामन्यातील धावा त्याला तोंडपाठ. विहारातील माईकची वायर तुटली तर मोठ्या मुलांच्या आधी तोच जोडून द्यायचा. वंदना नुसती ऐकून त्याला पाठ झाली होती. पण पुस्तक समोर ठेवले की 'घर'चे 'धर' व्हायचे, 'भात'चे 'मात' व्हायचे आणि जोडाक्षर आले की गाडी थांबायची. आम्ही त्याला आळशी ठरविले. चुकलेला शब्द दहा वेळा लिही, वीस वेळा लिही, असे दोन वर्षे चालले. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. ती कामावर जाताना त्याला अभ्यासिकेच्या दारापर्यंत सोडून जायची आणि हा मागच्या गल्लीने निघून जायचा. तो सातवीत असताना एका कार्यक्रमाच्या निमित्ताने एक विशेष शिक्षिका आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी सहज म्हणून त्याची वही चाळली आणि विचारले, "या मुलाचा आराखडा कोणी केला आहे का?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आमच्यापैकी दोघे निवृत्त शिक्षक आहेत, तरी कोणालाही त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही.

त्या ज्याविषयी विचारीत होत्या तो म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. शिक्षकांच्या तोंडी त्याला 'आय.ई.पी.' म्हणतात. ज्या मुलाला इतरांसारखे शिकविले असता शिकता येत नाही, त्याच्या एकट्यासाठी तयार केलेला तो लेखी दस्तऐवज आहे. मूल आज कोठे आहे, वर्षअखेर त्याला कोठे न्यायचे आहे, त्यासाठी कोण, काय, आठवड्यातून किती वेळ करणार आणि ते झाले की नाही हे कोणत्या तारखेला तपासणार, एवढे त्यात असावयास हवे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तरी तो आराखडा नव्हे, नुसते प्रमाणपत्र समजावे.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकविण्याची केंद्र सरकारची पहिली योजना १९७४ सालची. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा समावेश वंचित घटकांत करण्यात आला. त्यामुळे खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव प्रवेशासाठी तीही पात्र ठरली. त्याच दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. १९९५ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे वाचन, लेखन वा गणित यांतील जन्मजात अडचण, हे त्यांतलेच. आमच्या त्या मुलाला याच नव्या यादीचा आधार मिळाला.

या कायद्याचे सोळावे कलम पालकांनी कोणाकडून तरी वाचून घ्यावे. सरकारी अनुदान अथवा सरकारी मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला ते लागू आहे. म्हणजे फी घेणाऱ्या मान्यताप्राप्त खाजगी शाळेलाही. भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत व स्वच्छतागृह वापरता येईल असे करणे, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणे, वैयक्तिक साहाय्य देणे, अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे आणि अशा प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे, या सर्व गोष्टी त्यात आहेत. एकतिसाव्या कलमाने ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पसंती मुलाची व पालकांची, शाळेची नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे. "याला दुसऱ्या शाळेत घाला" हा सल्ला असू शकतो. तो हुकूम असू शकत नाही.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. आपल्या कायद्यात 'वैयक्तिक साहाय्य' आहे, पण 'आराखडा' हा शब्द नाही. आराखडा येतो तो समग्र शिक्षा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतून. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानेच प्रत्येक अपंग मुलाचा आराखडा बंधनकारक केला. तो पालकांना बरोबर घेऊन बनवावा लागतो आणि दरवर्षी तपासावा लागतो. इंग्लंडमध्ये १९८१ च्या कायद्याने असे विवरणपत्र आले आणि २०१४ पासून त्याच्या जागी शिक्षण, आरोग्य व देखभाल अशी एकत्र योजना आली. अर्ज केल्यापासून ती वीस आठवड्यांत पूर्ण व्हावी असा तेथे नियम आहे, आणि पालकांचे समाधान झाले नाही तर त्यांना स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तेथेही मुदती पाळल्या जात नाहीत, पालकांना भांडावे लागतेच. परंतु भांडण्यासाठी हातात एक कागद असतो. आपल्याकडे तो कागद मागून घ्यावा लागतो, म्हणून हा लेखप्रपंच.

आराखड्यात काय लिहिलेले असावे

आमच्या मुलाच्या आराखड्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या आईच्या परवानगीने लिहीत आहोत. शाळेने पहिला कागद दिला त्यात तीन ओळी होत्या : वाचन सुधारणे, लेखन सुधारणे, आत्मविश्वास वाढविणे. नंतर कळले की त्या शाळेतील सर्व विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या कागदावर याच तीन ओळी होत्या, फक्त नावे वेगळी. एका मुलीला ऐकू कमी येत होते, तिच्याही कागदावर हेच. झेरॉक्स काढणाऱ्याचे काम झाले, मुलांचे राहिले.

मग त्या विशेष शिक्षिकेने दोन दुपारी मुलाजवळ बसून खरी नोंद केली. सुटी अक्षरे ओळखतो, परंतु घ-ध, भ-म, ब-व आणि ट-ठ यांत गोंधळ होतो. काना-मात्रा असलेले दोन-तीन अक्षरी शब्द वाचतो. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीतील फरक डोळ्याला दिसत नाही. रफार आणि जोडाक्षर आले की शब्द गाळतो. दुसरीच्या पुस्तकातील पाच ओळी वाचायला सहा मिनिटे लागतात. मात्र वाचून दाखविले तर सातवीच्या इतिहासाच्या धड्यावर बरोबर उत्तरे देतो. तोंडी हिशेब चोख. लेखी गणितात ३६ चे ६३ करतो.

हे शेवटचे आम्हाला फार दिवस कळत नव्हते. आपण मराठीत 'छत्तीस' म्हणताना आधी सहा आणि मग तीस बोलतो, लिहिताना आधी तीन आणि मग सहा लिहितो. ज्याचा मेंदू क्रमात गोंधळतो त्याच्यासाठी हे दुहेरी संकट आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा वर्तमानपत्रांत केवढी थट्टा झाली! आम्हीही हसलो होतो. आता तसे हसू येत नाही.

नोंद अशी असली म्हणजे पुढचे आपोआप सुचते. 'वाचन सुधारणे' याऐवजी त्याच्या आराखड्यात लिहिले गेले : दिवाळीच्या सुट्टीपर्यंत घ-ध आणि भ-म या दोन जोड्या असलेले वीस शब्द न चुकता वाचेल. मार्चअखेर तिसरीच्या पुस्तकातील न पाहिलेला परिच्छेद अर्थ सांगून वाचेल. हे मोजता येते. झाले की नाही यावर वाद होत नाही.

त्यापुढे पद्धत. ताटात वाळू पसरून त्यात बोटाने अक्षर गिरविणे, तोंडाने उच्चार करीत. जोडाक्षर फोडून दोन रंगांत लिहिणे. फळ्यावरचे उतरवून घेण्याची सक्ती नाही, शेजारच्या मुलाच्या वहीची झेरॉक्स चालेल. इतिहास-भूगोलाची चाचणी तोंडी. आणि एक वाक्य असे, ज्याने त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले : त्याला न विचारता वर्गासमोर उभे करून वाचावयास सांगू नये. सात वर्षे तो शाळेत ज्या गोष्टीला भीत होता ती या एका ओळीने थांबली. त्याला खर्च काहीच आला नाही.

मग येते माणसांची वाटणी. वर्गशिक्षकांनी परिपाठानंतर रोज पंधरा मिनिटे, विशेष शिक्षिकेने पंधरवड्यातून एक गुरुवार, आणि घरी? घरासाठी शाळेने आधी लिहिले होते, 'आईने रोज अर्धा तास वाचन घ्यावे.' आई स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, रात्री आठला घरी येते. हे तिला जमणारे नव्हते आणि जमले नाही म्हणजे दोष तिच्या माथी. तिने सभेत तसे सांगितले. ती बोलेल असे आम्हाला वाटले नव्हते. मग बदल झाला : रविवारी बाजारात जाताना दुकानांच्या पाट्या आणि बसचे फलक मुलाने वाचायचे, आईने फक्त ऐकायचे, आणि किराणा मालाचा हिशेब त्याने लिहायचा. जे घरात होऊ शकते तेच आराखड्यात असावे. पालकांनी संकोचाने 'हो हो' म्हणून सही करू नये.

ऐकू कमी येणाऱ्या मुलीचा आराखडा याहून अगदी निराळा झाला. तिला पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसविणे, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड राहील. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून न बोलणे. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या शाळेतही ठेवणे. मूल वाढते तसा कानाचा आकारही वाढतो, म्हणून कानात बसणारा साचा ठरावीक काळाने बदलून घेणे. श्रवणयंत्र मिळाले पण साचा लहान पडला म्हणून ते पेटीत पडून आहे, अशी दोन घरे आमच्याच वस्तीत निघाली. अल्पदृष्टी असलेल्या मुलाला मोठ्या अक्षरांची पुस्तके, हातापायांवर ताबा नसलेल्या मुलाला आधाराची खुर्ची आणि स्वच्छतागृहात नेणारे माणूस, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला पैसे मोजणे आणि एकटीने बसने जाणे, असे प्रत्येकाचे वेगळे. मुलगी मोठी होत असेल तर मासिक पाळीच्या दिवसांतील सोय लिहून घ्यावी. शाळेत हा विषय काढायला कोणी धजत नाही आणि मुलींची शाळा मात्र त्यामुळेच सुटते.

कोणाकडे जावे

पहिली पायरी वर्गशिक्षकांची. तोंडी सांगू नये, अर्ज द्यावा. कोऱ्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे चार ओळी पुरतात : माझ्या मुलास अमुक अडचण आहे, त्याची तपासणी करून वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करावा आणि त्याची प्रत मला द्यावी. खाली तारीख, आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच. पोच घेताना पुष्कळ पालक कचरतात, बाईंना राग येईल म्हणतात. बाईंना राग आला तरी तो चार दिवसांत जातो, पोच मात्र वर्षभर कामाला येते.

डोळे आणि कान यांची तपासणी सर्वांत आधी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत येतात, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. चष्म्याचा नंबर निघाला आणि 'मंदबुद्धी' मूल महिन्याभरात वाचू लागले, असेही आम्ही पाहिले आहे.

शाळेतून प्रकरण गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे जाते. आराखडा तयार करणे, शिक्षकांना दाखविणे, साहित्य मिळवून देणे हे त्यांचे काम. समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद धरलेली आहे, पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंत. त्यातूनच साहित्य, साधने, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता यांचा खर्च व्हावयाचा असतो. मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतन, वर्षातील दहा महिने. पैसे थोडे आहेत, परंतु मागितले नाहीत तर तेही येत नाहीत.

येथे विशेष शिक्षकांविषयी दोन शब्द. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. एकेकाकडे अनेक शाळा असतात आणि वर्षानुवर्षे त्यांनी कंत्राटावर कामे केली आहेत. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर निकाल दिला. तेथे विचारात घेतलेले प्रमाण प्राथमिकला दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यावरील वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे आहे. आपल्या तालुक्यात प्रत्यक्ष काय प्रमाण आहे, हे पालकांनी एकत्र येऊन विचारावे. एकट्याने विचारले तर ती तक्रार होते, पंचवीस जणांनी विचारले तर निवेदन होते, हे आपल्या चळवळीतील माणसाला सांगावयास नको.

प्रत मिळाली नाही तर? सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तोही खर्च नाही, उत्तराची मुदत तीस दिवस. खाजगी शाळा असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी जावे. २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेशाच्या बाबी पाहणारा एक अधिकारी नेमलेला असावा लागतो, त्याचे नाव विचारावे. सर्वांत शेवटी पुण्याला राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. आमच्या मुलाच्या बाबतीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता, द्यावा लागला नाही. मुख्याध्यापकांनी तो खिशातून डोकावताना पाहिला असावा.

दाखला आणि आराखडा यांत पालकांची नेहमी गल्लत होते. शाळेने मदत सुरू करण्यासाठी वैद्यकीय दाखल्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गरज दिसली की आराखडा करता येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवा आयोगाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात स्पष्ट केले की लिहिताना खरोखर अडचण येणाऱ्या व्यक्तीला ४० टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारता येणार नाही. तथापि राखीव जागा, मोफत शिक्षणाचा हक्क आणि परीक्षा मंडळाच्या सवलती यांसाठी दाखला लागतोच. त्यासाठी वैश्विक ओळखपत्राच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ठरलेल्या दिवशी सरकारी रुग्णालयात जावयाचे असते. ओळखपत्राचा रंग टक्केवारीप्रमाणे : ४० च्या खाली पांढरा, त्यावर पिवळा, ८० व त्यावर निळा. अध्ययन अक्षमतेचा दाखला २०१८ च्या सूचनांप्रमाणे आठ वर्षांच्या आतील मुलास देत नाहीत आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. मुंबईत शीव येथील पालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे. तपासणी एका दिवसात होत नाही, बुद्धिमापन, वाचन-लेखन, डोळे, कान असे फेरे होतात. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांचे तेवढे दिवस बुडतात. आमच्या अभ्यासिकेतील दोन कार्यकर्ते आळीपाळीने त्या मुलाबरोबर गेले. एवढे तर प्रत्येक संस्थेला करता येईल.

घाई कशासाठी, असे काहीजण विचारतात. पूर्वी आठवीपर्यंत मूल पुढे ढकलले जात होते, अडचण नववीत उघडी पडायची. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन मुलाला मागे ठेवण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये नियम बदलून ती परीक्षा आणली. शिकविण्याची पद्धत न बदलता त्याच वर्गात पुन्हा बसविले तर मूल दुसऱ्यांदाही तेथेच अडते, आणि मग शाळाच सोडते. दहावीच्या सवलतीही आयत्या वेळी मिळत नाहीत. तासाला वीस मिनिटे जादा वेळ, खालच्या इयत्तेतील लेखनिक, भाषा विषयांत सूट, गणकयंत्र, यांपैकी जे मुलास लागू असेल त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे आधी जावा लागतो. ज्या मुलाने सातवी-आठवीपासून लेखनिकाला उत्तर सांगण्याचा सराव केला नाही त्याला दहावीला लेखनिक मिळूनही उपयोग होत नाही. उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला सांगणे हे निराळे कौशल्य आहे. म्हणून तेही आराखड्यात येते.

आता आपल्या घरातली गोष्ट. 'शिक्का बसेल' म्हणून कित्येक पालक अर्जच करीत नाहीत. थोरल्या मुलीचे लग्न व्हायचे आहे, लोक काय म्हणतील? आम्ही या पालकांना नावे ठेवत नाही. आपल्या मुलांवर 'यांच्या घरात शिक्षणच नाही' हा शिक्का शाळेत आधीच मारलेला असतो, त्यात दुसरा कोण मागून घेईल? याची दुसरी बाजूही आहे. जेथे वर्गात धड शिकविलेच जात नाही तेथील मागे पडलेल्या मुलाला अक्षम ठरवून मोकळे होणे शिक्षकांना सोपे जाते. म्हणून तपासणी नीट व्हावी, आणि एकाच वर्गातील पंधरा मुले 'अक्षम' निघाली तर मुलांच्या आधी वर्ग तपासावा.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, हे आपण मुलांना सांगतो. आज आपले मूल बाकावर बसते. पण त्याला कळत नाही अशा भाषेत, दिसत नाही अशा अक्षरात, ऐकू येत नाही अशा आवाजात वर्ग चालला असेल तर ते वर्गात असून गोणपाटावरच बसलेले असते.

वर्षावासात चुल्लपंथकाची कथा आपण ऐकतो. चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून भिक्खू असलेल्या त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने त्याला विहारातून निघून जावयास सांगितले. भगवंतांनी त्याला थांबविले, हातात एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळीत बसावयास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि पाठांतराने जे कळले नव्हते ते त्याला डोळ्यांसमोर कळले. आम्ही ही कथा अनेक वर्षे ऐकत होतो आणि त्याच विहाराच्या खोलीत त्या मुलाला वीस वीस वेळा शब्द लिहावयास लावीत होतो. कथेतल्या थोरल्या भावाचे काम आम्ही करीत आहोत, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

तो मुलगा आता नववीत आहे. वाचन अजून संथच आहे, तिसरीचा परिच्छेद मार्चऐवजी पुढच्या ऑगस्टमध्ये जमला, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर आमच्यापैकी काहींचेही चुकते. त्याचा आराखडा तीनदा बदलला. दुसऱ्या वर्षी नवे वर्गशिक्षक आले, त्यांना मागचा कागद सापडला नाही. आईने घरातील पत्र्याच्या पेटीतून आपली प्रत काढून दिली. तेव्हापासून ती दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ती प्रत, दाखल्याची झेरॉक्स आणि मागच्या वर्षाच्या नोंदी एका फाईलमध्ये घालून नव्या वर्गशिक्षकांकडे स्वतः घेऊन जाते. येत्या वर्षी मंडळाच्या प्रस्तावासाठी तीच फाईल लागणार आहे. अर्जाचा चार ओळींचा नमुना अभ्यासिकेत ठेवला आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात कोणीही येऊन घेऊन जावा, आणि लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून देऊ.